मुद्रा आणि वजन

आपल्या धर्मग्रामांतील कितीतरी घरांचा चरितार्थ कुवेत आणि बहारीन येथून येणाऱ्या दिनारांवर चालतो. दिनाराचा आजचा भाव काय, ही चौकशी रविवारच्या मिस्सानंतर चर्चच्या आवारातही कानी पडते. हा शब्द आपल्याला अरबी वाटतो. पण त्याचे मूळ घर अरबस्तानात नाही, ते रोममध्ये आहे. रोमनांच्या ‘देनारियुस’ या चांदीच्या नाण्याचे नाव व्यापाराबरोबर पूर्वेकडे पसरले. संस्कृतात ते ‘दीनार’ झाले आणि गुप्तकालीन लेखांत सोन्याच्या नाण्यासाठी वापरले गेले. अरबांनी ते आपलेसे केले. इंग्लंडमध्ये १९७१ पर्यंत पेनी लिहिताना जे ‘डी’ अक्षर वापरीत, तेही याच नाण्याचे आद्याक्षर होते. साम्राज्य लयाला गेले, त्याची चांदी वितळून दागिन्यांत आणि भांड्यांत गेली. नाव मात्र आजही परदेशी राबणाऱ्या आपल्या मुलांच्या पगारपत्रकावर आहे.

पवित्र शास्त्र वाचणाऱ्याला हे नाणे अपरिचित नाही. द्राक्षमळ्यातील मजुराला दिवसभराच्या श्रमाबद्दल मिळाले ते एक देनारियुस. दयाळू शमरोन्याने जखमी वाटसरूच्या शुश्रूषेसाठी उतारशाळेच्या मालकाच्या हाती ठेवले ते दोन देनारियुस. आणि प्रभू येशूला शब्दांत पकडण्यासाठी आलेल्या माणसांनी त्याच्यासमोर धरले तेही हेच नाणे. एका नाण्याने शुभवर्तमानात इतक्या ठिकाणी प्रवेश करावा, याचा अर्थ एवढाच की ते सामान्य माणसाच्या हातातले, घामाचे नाणे होते.

आमच्या सेमिनरीत ख्रिस्तसभेचा इतिहास शिकविणारे एक वृद्ध प्राध्यापक होते. छापखाना नसलेल्या त्या काळात राजाची आज्ञा चौकात वाचली जाई, पण राजाचे मन नाण्यावर वाचावे लागे, असे ते म्हणत. पुढे अभ्यासासाठी रोममध्ये राहण्याचा योग आला, तेव्हा तेर्मिनी रेल्वेस्थानकाजवळच्या पालाझ्झो मास्सिमो या संग्रहालयाच्या तळघरात मी कित्येक दुपारी घालविल्या. तेथे काचेच्या कपाटांत हजारो नाणी मांडलेली आहेत. आपल्या करंगळीच्या नखाहून थोड्याशा मोठ्या चांदीच्या चकतीवर देव, रथ, मंदिरे, बंदिवान, गलबते, कणसे आणि चेहरे यांचे एक संपूर्ण जग कोरलेले असते. ते पाहता पाहता प्राध्यापकांचे म्हणणे मला पटत गेले. आणि नाण्यावरचे सगळेच खरे मानू नये, हेही उमगत गेले.

देनारियुस प्रथम पाडले गेले ते इसवी सनापूर्वी २११ च्या सुमारास, हॅनिबलशी चाललेल्या युद्धाच्या धामधुमीत. वजन सुमारे साडेचार ग्रॅम. ‘आस’ नावाची काशाची दहा नाणी म्हणजे एक देनारियुस, म्हणून त्यावर दहाचे चिन्ह असे. एका बाजूला शिरस्त्राण घातलेली रोमादेवी, दुसऱ्या बाजूला घोड्यांवर स्वार झालेले जुळे देव. कॅपिटोल टेकडीवरील युनो मोनेता या देवीच्या मंदिराजवळ टांकसाळ होती. त्या ‘मोनेता’पासूनच इंग्रजी ‘मनी’ आणि ‘मिंट’ हे शब्द आले. चांदीची चकती दोन ठशांमध्ये ठेवून वरून हातोड्याचा एक घाव घातला की नाणे तयार होई. हातकाम असल्यामुळे कुठे चेहरा एका बाजूला सरकलेला दिसतो, तर कुठे अक्षरे काठाबाहेर गेलेली आढळतात.

आरंभी या नाण्यावर जिवंत माणसाचा चेहरा नसे. टांकसाळीवर नेमलेले तरुण अधिकारी फार तर आपल्या कुळातील पूर्वजांचे पराक्रम त्यावर कोरीत. नाण्यावर सत्य किती आणि बढाई किती, याचा एक मासला सांगण्याजोगा आहे. इसवी सनापूर्वी ५८ मध्ये स्काउरुस नावाच्या अधिकाऱ्याने काढलेल्या देनारियुसवर नबातियांचा राजा अरेतास उंटाशेजारी गुडघे टेकून ऑलिव्हची फांदी पुढे करताना दिसतो. हे चित्र पाहणाऱ्याला वाटावे, केवढा हा विजय! परंतु योसेफुस हा यहुदी इतिहासकार लिहून ठेवतो की, स्काउरुसने अरेतासकडून तीनशे तालांत चांदी घेतली आणि युद्ध आवरते घेतले. म्हणजे ज्याच्याकडून पैसे घेऊन हा माघारी फिरला, त्यालाच याने चांदीवर कायमचे गुडघे टेकायला लावले.

इसवी सनापूर्वी ४४ च्या आरंभी युलियुस सीझरने आपला स्वतःचा चेहरा नाण्यावर आणला. रोमच्या नाण्यावर जिवंत रोमन माणूस दिसण्याची ती पहिली वेळ. ‘आजीवन सर्वाधिकारी’ अशी अक्षरे त्याभोवती होती. ते जीवन १५ मार्चला संपले. त्याचा वध करणाऱ्या ब्रुटुसने दहा वर्षांपूर्वी, टांकसाळीचा अधिकारी असताना, नाण्यावर स्वातंत्र्यदेवतेचे मुख कोरले होते. आता सैन्याचा पगार भागविण्यासाठी त्याने नवी नाणी पाडली. त्यांच्या एका बाजूला दोन खंजीर, त्यांच्यामध्ये गुलामगिरीतून मुक्त झालेल्याची टोपी आणि खाली मार्चच्या त्या दिवसाचा उल्लेख आहे. दुसऱ्या बाजूला पाहावे, तर स्वतः ब्रुटुसचा चेहरा! एका माणसाने नाण्यावर बसू नये म्हणून ज्याने शस्त्र उचलले, तोच पुढे नाण्यावर जाऊन बसला. सत्तेच्या मोहावरील कितीतरी प्रवचने या एका चकतीत सामावली आहेत.

ऑगस्टुसच्या काळातील एका नाण्यावर मात्र मन वेगळ्या कारणाने थबकते. त्याच्या मागील बाजूला ढाली आणि भाले घेऊन दोन तरुण उभे आहेत. ते गायुस आणि लुचियुस, ऑगस्टुसचे नातू आणि दत्तक पुत्र, साम्राज्याचे भावी वारस. लुचियुस इसवी सन २ मध्ये वारला आणि गायुस ४ मध्ये. आजोबांच्या आशेने कोरलेले ते दोघे आजही तसेच ताठ उभे आहेत.

हे नाणे आपल्या देशाच्या दृष्टीनेही महत्त्वाचे आहे. दक्षिण भारतात, विशेषतः कोइंबतूरच्या परिसरात, रोमन चांदीचे जे साठे जमिनीतून निघाले, त्यांत दोनच प्रकारांची नाणी बहुसंख्य आहेत: एक हे दोन राजपुत्रांचे आणि दुसरे तिबेरियुसचे. मिरी, मोती, मलमल आणि हस्तिदंत यांच्या मोबदल्यात ती येथे आली. पहिल्या शतकातील एका ग्रीक खलाशाने लिहिलेल्या ‘पेरिप्लस’ या प्रवासपुस्तकात आपल्या किनाऱ्यावरील सोपारा आणि कल्याण या बंदरांची नावे आहेत. आणि भडोच बंदरात रोमन सोन्याचांदीची नाणी स्थानिक चलनात बदलून घेण्यात नफा होता, असेही त्यात नमूद आहे. ज्या वर्षांत प्रेषित शुभवर्तमान घेऊन भूमध्य सागराच्या काठाने फिरत होते, त्याच वर्षांत ही नाणी आपल्या समुद्राच्या वाटेने प्रवास करीत होती.

या प्रवासातील एक कथा प्लिनी या रोमन लेखकाने नोंदविली आहे. सम्राट क्लाउदियुसच्या काळात एका रोमन कर-ठेकेदाराचा मुक्त केलेला गुलाम वादळात सापडून सिंहलद्वीपाला लागला. तेथील राजाने त्याच्याजवळचे देनारियुस पाहिले. त्यांवरील चेहरे निरनिराळे होते, अर्थात ती निरनिराळ्या राज्यकर्त्यांनी पाडलेली होती. तरी वजन सर्वांचे सारखे भरत होते. रोमची सेना राजाने पाहिली नव्हती, रोमची मंदिरेही पाहिली नव्हती. परंतु राज्यकर्ते बदलले तरी वजन बदलले नाही, या एका गोष्टीवरून त्याने त्या लोकांची सचोटी ओळखली आणि आपले दूत रोमला धाडले.

ही कथा वाचली तेव्हा मला आमच्या गावाकडील एका सोनाराच्या दुकानातील प्रसंग आठवला. एक बाई मुलाच्या शस्त्रक्रियेसाठी आईच्या ठेवणीतील चांदीचे तोडे मोडायला आल्या होत्या आणि सोबत असावी म्हणून त्यांनी मला बोलाविले होते. तोड्यांवर अतिशय सुबक नक्षी होती. सोनाराने एका कोपऱ्यात कानस फिरवून कस पाहिला, तोडे तराजूत घातले आणि अदबीने म्हणाला, “फादर, काम फार जुने आणि सुंदर आहे. पण मोडीत घडणावळ धरता येत नाही. मी वजनाचे पैसे देतो.” बाईंनी मान हलविली. त्यांच्या आईने आयुष्यभर जपलेली चांदी अस्सल निघाली आणि मुलाच्या उपचाराची सोय झाली. संकटाच्या घटकेला उपयोगी पडले ते वजन. नक्षी तराजूत चढलीच नाही.

जेरुसलेमच्या मंदिरातही हाच न्याय होता, हे पाहून नवल वाटते. मंदिराचा वार्षिक अर्धा शेकेल कर सोर नगराच्या चांदीच्या नाण्यांत भरावा लागे. त्या नाण्यांवर मेलकार्त या परक्या देवाचे मुख आणि गरुड होता. कोरीव मूर्तीला सक्त मनाई असलेल्या त्या पवित्र स्थानी ही नाणी स्वीकारली जात, कारण त्यांची चांदी शुद्ध होती. सराफांची चौरंगे तेथे मांडलेली होती, ती याच अदलाबदलीसाठी. शुद्ध नाणे घेताना त्यावरील मुद्रेकडे काणाडोळा करण्याची व्यवस्था मंदिराने लावून घेतली होती.

ही पार्श्वभूमी ध्यानात घेतली म्हणजे करासंबंधीच्या त्या प्रसिद्ध प्रसंगाची धार जाणवते. परुशी आणि हेरोदी विचारतात, कैसराला कर द्यावा की नाही? ‘द्या’ म्हटले तर लोक बिथरणार. ‘देऊ नका’ म्हटले तर रोमचा सुभेदार पकडणार. प्रभू नाणे मागवून घेतो. बहुतेक अभ्यासकांच्या मते ते तिबेरियुसचे देनारियुस होते. त्याच्या एका बाजूला माळ घातलेला सम्राट आणि भोवती ‘दिव्य ऑगस्टुसचा पुत्र तिबेरियुस’ अशा अर्थाची अक्षरे असतात. दुसऱ्या बाजूला हाती राजदंड आणि फांदी घेऊन बसलेली एक स्त्री असते. ती बहुधा सम्राटाची माता लिव्हिया. तिच्याभोवती ‘पोंतिफेक्स माक्सिमुस’, म्हणजे महापुरोहित, ही पदवी. हीच पदवी पुढे पोपमहोदयांच्या नावापुढे आली. रोममधील संत पेत्राच्या महामंदिराच्या दर्शनी भिंतीवर १६१२ च्या लेखात ती आजही वाचता येते. म्हणजे तळहाताएवढ्याही नसलेल्या जागेत एक माणूस देवपुत्र आणि महापुरोहित असल्याचा दावा करीत होता. आणि ते नाणे धरले होते कोणासमोर?

प्रभूने त्या दाव्यावर वाद घातला नाही. मुद्रा कोणाची आणि लेख कोणाचा, एवढेच विचारले. मूळ ग्रीक वचनात दोन गोष्टी लक्ष वेधून घेतात. प्रश्न विचारणारे कर ‘देण्या’विषयी बोलतात, प्रभूच्या उत्तरातील क्रियापद मात्र ‘परत देणे’ या अर्थाचे आहे. ज्याचे आहे ते त्याला परत करायचे. दुसरे असे की, नाण्यावरील मुद्रेसाठी योजलेला ‘एइकोन’ हाच शब्द उत्पत्तीच्या पुस्तकाच्या ग्रीक भाषांतरात, परमेश्वराने मनुष्याला आपल्या प्रतिरूपात घडविले हे सांगताना आलेला आहे. तेर्तुलियन या आफ्रिकेतील लेखकाने सन २०० च्या सुमारास याचा उलगडा केला: कैसराची प्रतिमा नाण्यावर आहे, ती कैसराला जाऊ द्यावी, देवाची प्रतिमा माणसावर आहे, ती देवाला द्यावी. त्या दिवशी नाणे दाखविणारे हातही दुसऱ्याच एका मुद्रेचे होते.

रोमला हे कळले नाही, हे त्याचीच नाणी सांगतात. इसवी सन ७० मध्ये जेरुसलेम पडले. सम्राट वेस्पासियनच्या देनारियुसवर विजयस्तंभाखाली एक स्त्री बसलेली दिसते. तिचे डोके हातावर टेकलेले आहे आणि खाली एकच शब्द: ‘युदेया’. एका संपूर्ण लोकसमूहाच्या शोकाचे चित्र लोकांच्या कमरेच्या कशात फिरू लागले. जो वार्षिक कर यहुदी आपल्या मंदिराला भरीत, तो आता साम्राज्यभरातील प्रत्येक यहुद्याकडून कॅपिटोलवरील ज्युपिटरच्या मंदिरासाठी घेतला जाऊ लागला. रक्कम दोन देनारियुस. स्वतःच्या पराभवाचे चित्र असलेले नाणे मोजून देताना त्या माणसाच्या मनात काय आले असेल? शमरोन्याने दिलेलेही दोन देनारियुसच होते. त्या दोन नाण्यांनी एक माणूस उभा राहिला. या दोन नाण्यांनी एका समाजाची मान खाली घातली.

सिंहलद्वीपाच्या राजाने वाखाणलेली सचोटीही पुढे टिकली नाही. ऑगस्टुसच्या वेळी देनारियुस जवळजवळ शुद्ध चांदीचे होते. वजन आपल्या तोळ्याच्या तिसऱ्या हिश्शाएवढे. सन ६४ मध्ये नीरोने वजन घटविले आणि चांदीत तांबे वाढविले. दुसऱ्या शतकाच्या अखेरीस सेप्तिमियुस सेवेरुसने सैन्याचा पगार वाढविला, त्यासाठी नाण्यातील चांदी निम्म्यावर आणली. सन २१५ मध्ये काराकाल्लाने किरणांचा मुकुट घातलेल्या चेहऱ्याचे नवे नाणे काढले. ते दोन देनारियुसांच्या मोलाचे म्हणून चालविले जाई, पण त्यात चांदी होती दीड नाण्याची. सन २६० नंतर, गाल्लिएनुसच्या राज्यात, त्यातील चांदी शंभरात पाच भागांहूनही कमी झाली. तांब्याच्या चकतीला चांदीचा नुसता मुलामा दिला जाई. चार हातांतून फिरली की आतला लाल रंग दिसे.

आणि या खोट्या नाण्यांवर लिहिलेले काय? ‘चिरंतन शांती’, ‘समृद्धी’, ‘सैन्याची निष्ठा’! त्याच सुमारास, २६० मध्ये, सम्राटाचा पिता वालेरियन इराणच्या राजाच्या कैदेत पडला होता आणि सरहद्दी ढासळत होत्या. निष्ठा जितकी आटली, तितकी ती नाण्यावर ठळक झाली. शेवटी भुर्दंड पडला तो गरिबाला. सन ३०१ मध्ये दिओक्लेतियनने भाव बांधून देणारे फर्मान काढले. त्यात शेतमजुराची दिवसाची मजुरी जेवण धरून २५ देनारियुस आणि गव्हाच्या एका मापाचा भाव १०० देनारियुस ठरविला आहे. द्राक्षमळ्यातील मजुराला संध्याकाळी जे एक नाणे मिळत होते, त्याचे आता केवळ हिशोबापुरते नाव उरले होते.

नाण्यातील चांदी संपत आली होती, त्याच दशकात रोममध्ये आणखी एक घटना घडली. वालेरियनच्या छळात सन २५८ च्या ऑगस्टमध्ये पोप दुसरे सिक्स्तुस यांना मारण्यात आले. त्यांचा उपदीक्षित लॉरेन्स ख्रिस्तसभेच्या कोषाचा सांभाळ करीत असे. परंपरा सांगते की, अधिकाऱ्याने त्याला ख्रिस्तसभेचे धन हजर करण्यास फर्माविले. लॉरेन्सने मुदत मागून घेतली, जवळ होते ते वाटून टाकले आणि मुदत संपताच आंधळे, पांगळे, विधवा आणि अनाथ यांना घेऊन तो पुढे गेला. ख्रिस्तसभेची संपत्ती ती हीच, असे त्याने सांगितले. त्याला १० ऑगस्ट रोजी मरण आले. ही कथा आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. पण त्या वेळच्या नाण्यांसमवेत ती वाचली म्हणजे तिचा अर्थ अधिक खोल जातो. राज्याची टांकसाळ तांब्यावर मुलामा चढवीत होती, आणि एक तरुण सेवक खरी चांदी कोठे असते ते बोट दाखवून सांगत होता.

पुढे मुद्राही बदलली. सन ३१५ च्या सुमारास कॉन्स्टंटाइनने तिचिनुम, म्हणजे आजच्या पाविया, येथे काढलेल्या चांदीच्या मोठ्या पदकावर त्याच्या शिरस्त्राणावर ख्रिस्ताच्या नावाची पहिली दोन ग्रीक अक्षरे दिसतात. ज्या नावासाठी माणसे मारली गेली, ते नाव सम्राटाच्या मस्तकावर आले, हे पाहून कोणाही श्रद्धावंताला आनंद व्हावा. पण इतिहास पूर्ण सांगायला हवा: त्यानंतरही काही वर्षे त्याच सम्राटाच्या नाण्यांवर ‘अजिंक्य सूर्य’ हा देव त्याचा सांगाती म्हणून झळकत होता. पवित्र चिन्ह कोरले म्हणून धातू आपोआप शुद्ध होत नाही. हा इशारा सम्राटांपुरता नाही. आपल्या घरांच्या दारांवर क्रूस आहे, गाड्यांच्या काचांवर येशूचे नाव आहे, आणि माझ्यासारख्याच्या तर अंगावरच्या झग्यावर सर्वांची नजर आहे. ही आपली मुद्रा झाली. वजनाचा प्रश्न वेगळा आहे.

मनुष्यावरील देवाची मुद्रा झिजते, तिच्यावर काजळी चढते, क्वचित कोणी तिच्यावर छिन्नीचा घावही घालतो. पुदुकोट्टई येथे १८९८ मध्ये सापडलेल्या पाचशे एक रोमन सुवर्णनाण्यांपैकी बहुसंख्य नाण्यांवर सम्राटाच्या चेहऱ्यावरून असेच घाव घातलेले आहेत. सोने मात्र त्याखाली जसेच्या तसे आहे. आपल्याकडे कामाला येणारा मजूर, घर झाडणारी बाई, दूरच्या राज्यातून आलेला गवंडी यांचे चेहरे आपल्याला नीट आठवतही नाहीत. पण ते त्या टांकसाळीचे आहेत, जेथे वजनात कधी घट होत नाही. दिवस मावळताना त्यांच्या हातावर ठेवलेली मजुरी पुरी आहे ना, वेळेवर आहे ना, हे पाहणे म्हणजेच ज्याचे त्याला परत करणे होय. परमेश्वराच्या तराजूत आपल्या नावाची नक्षी चढणार नाही. आपला कस तेथे लागणार आहे, आणि तो रोजच्या व्यवहारात आजही लागतो आहे.